लाभाचा दात

गाडी भंगारात द्यायची, हे सगळ्यांचं ठरून गेलं होतं. जी ती गाडी चालवत होती, तिला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

साधना मुनेश्वरला हे कळलं ते देवीलालच्या गॅरेजात. ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून आपल्या पेट्या बाहेर काढत होती आणि देवीलाल कोणाशी तरी फोनवर बोलत होता, "हो हो, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी या. पंधरा दिवस हायेत अजून. गाडी ताईच्या म्हाताऱ्या बापाच्या नावावर हाये, ते सही करतेत." फोन ठेवल्यावर त्याला सीटवरची बाई दिसली आणि तो उगाच हात पुसायला लागला.

"कोण येऊन राह्यलं रविवारी?" साधनानं विचारलं.

"संघदीपभाऊनं यवतमाळचा भंगारवाला पाह्यला वो ताई. मले काय, त्यांनी नंबर देला, मी बोललो."

संघदीप म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पुण्यात नोकरीला होता. दर रविवारी फोन करायचा आणि बहिणीची काळजी करायचा, आणि या काळजीतच त्यानं सगळं परस्पर उरकून टाकलं होतं.

महागावात साधनाला 'झटकेवाली ताई' म्हणत. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरू नयेत म्हणून लोक शेताभोवती तार ओढतात आणि तारेत दर सेकंदाला एक फटका सोडणारी डबी बसवतात. ती डबी म्हणजे झटका मशीन. बसस्टँडच्या रस्त्यावर साधनाचं ते दुरुस्त करायचं दुकान होतं. नाव पहिल्यांदा कोणी तरी टिंगल म्हणूनच ठेवलं असणार. तिनं पेंटर बोलावून तेच नाव व्हॅनच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, त्या दिवसापासून त्यातली टिंगल निघून गेली.

व्हॅन वीस वर्षांची जुनी, पेट्रोलवर चालणारी, पांढरी. साधनाचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. डाव्या पायानं ती क्लच दाबी, पण ब्रेक आणि रेस उजव्या पायाला जमत नव्हते. म्हणून देवीलालनंच दहा वर्षांपूर्वी उजव्या हाताशी एक लोखंडी दांडा बसवून दिला होता. पुढं ढकलला की ब्रेक, मागं ओढला की रेस. तिच्या हाताला तो दांडा इतका बसला होता, की स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं तरी तिचा उजवा हात आधी पुढं जाई.

मेच्या सुरुवातीला फुलसावंगीच्या रस्त्यावर ही गाडी चालता चालता बंद पडली ती पडलीच. ट्रॅक्टरला बांधून आणली. देवीलालनं डॅशबोर्डाखालून पत्र्याची एक चपटी पेटी काढली, उघडली आणि कपाळाला हात लावला. समोरच्या काचेच्या रबरातून कित्येक पावसाळे पाणी झिरपून आतली सर्किटची पाटी गंजून हिरवी पडली होती.

"ईसीएम गेला," तो म्हणाला. "हा इंजिनाचा मेंदू हाये ताई. कोणत्या वेळी किती पेट्रोल सोडायचं अन् ठिणगी कवा पाडायची, सारं हाच सांगते. हा गेला म्हणजे बाकी गाडी धडधाकट असून बी मेलीच."

त्यानं नागपूरला विचारलं, हैदराबादला विचारलं. तो भाग बनवणंच बंद झालं होतं. जुन्या गाडीतून काढलेला एक मिळाला, तो लावला तर त्याच्यातून धूर निघाला. तिथं देवीलालनं हात टेकले.

संघदीप फोनवर म्हणाला, "ताई, झालं तेवढं पुरे. किती दिवस खेड्यापाड्यांत फिरशील? लोकांना सांग, मशीन दुकानात आणून द्या. तू बसल्या जागी दुरुस्त कर."

"मशीन दुकानात आणून काय करू? मशीन दहातले सात वेळा चांगलंच असते. कुठं गवत तारेले टेकलेलं असते, कुठं अर्थिंगचा रॉड कोरड्या मातीत ठोकलेला असते. ते शेतात गेल्याबिगर दिसते का?"

"मग ऑटो लाव महिन्याचा."

"म्हणजे ऑटोवाल्याले वेळ असंन तवा मी जायचं. अन् त्याले घरी जायचं असंन तवा मी परतायचं."

"तू हट्टी आहेस."

"हाये," साधना म्हणाली. "बाबांले काय बोलला तू?"

वडिलांना त्यानं विचारलं होतं आणि नागोराव म्हणाले होते, "बरं, बघू." नागोराव छत्तीस वर्षं महागावच्या बाजार समितीत मापारी होते. तूर, सोयाबीन, हरभरा, आलेल्या मालाची पोती काट्यावर चढवायची, मोजायची, आकडा पुकारायचा. आकडा सोडून दुसरं काही ठामपणे बोलायची त्यांना सवयच नव्हती. मुलाला "बरं, बघू" म्हणजे होकार वाटला. मुलीला ते म्हणाले, की मी नकार दिला होता.

"मंग रविवारी सही मागाले आला तर काय करसान?" साधनानं विचारलं.

"बघू ना," नागोराव म्हणाले.

तिच्याकडे पंधरा दिवस होते.

तिला आधीपासून ठाऊक होतं, की जगात बरीच रिकामटेकडी आणि हुशार माणसं आपल्या जुन्या गाड्यांसाठी असे मेंदू घरी बनवतात आणि त्यांचे नकाशे इंटरनेटवर कोणालाही बघता येतील असे ठेवून देतात. कोण, कुठले, त्यांना काय मिळतं, हे तिला कळलं नाही. पण त्यांची आकृती तिला कळली. झटका मशीनमध्ये जे असतं तेच होतं, फक्त जास्त होतं. तिनं कोरी पाटी मागवली, तिच्यावर बसवायचा लहान प्रोसेसर मागवला आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकेक भाग जोडत बसली. बाहेर ऊन असं, की गिऱ्हाईक यायचा प्रश्नच नव्हता. शटरखालून फक्त पाय दिसत. देवीलालचे पाय तिला चपलेवरून ओळखू यायचे.

"ताई, झटका मशीन अन् ईसीएम एका वर्गात बसवू नका वो," चपलेनं एकदा सांगितलं.

"काहून? दोन्ही एकच काम करतेत. वेळेवर फटका द्यायचा."

"वेळ चुकली म्हणजे?"

"तुम्ही दहा वर्सांत एकदा तरी वेळेवर गाडी देली का देवीलालभाऊ? तुमचं चाललंच ना?"

चप्पल हसत निघून गेली. पण संध्याकाळपर्यंत चौकात झालं, की झटकेवाली आता गाडीलाच तारेचं कुंपण लावून राह्यली.

आठव्या दिवशी पाटी तयार झाली. गाडी देवीलालच्या गॅरेजातून ढकलत घरासमोरच्या कडुलिंबाखाली आणून लावली होती. जुन्या तारा एकेक ओळखून नव्या पेटीला जोडायला दोन दिवस गेले. हवेची उष्णता सांगणारा सेन्सर, पाण्याची उष्णता सांगणारा, रेस किती ओढली ते सांगणारा. लॅपटॉपवर सोळा बाय सोळा घरांचा एक तक्ता होता. इंजिन किती वेगात आहे आणि त्याच्यावर ओझं किती, त्याप्रमाणे कुठल्या घरात किती पेट्रोल, ते आपण भरायचं. तिनं अंदाजानं भरलं. हे पुढं गाडी चालवत सुधारता येणार होतं. ज्यात अंदाज चालणार नव्हता ती गोष्ट एकच होती.

इंजिनाच्या पुढच्या कप्पीमागं एक लोखंडी चाक असतं, दातेरी. या चाकावर छत्तीस दातांची जागा होती, पण एक दात मुद्दामच ठेवलेला नव्हता. चाक फिरताना समोरचा सेन्सर दाते मोजतो. रिकामी जागा आली की त्याला कळतं, की इथून फेरा सुरू झाला. आता त्या रिकाम्या जागेनंतर कितवा दात सेन्सरसमोर आला म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतो, हा आकडा मेंदूला सांगावा लागतो. त्यावरून तो ठिणगीची वेळ ठरवतो. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा, असता तर आकडा नंतर पडताळून पाहता आला असता. पण तसल्या जुन्या दिव्याचं गावात कोणाकडे काही कामच उरलं नव्हतं, आणि देवीलालचा कुठंतरी पत्र्याखाली पडून मोडला होता.

हे काम दोन माणसांचं होतं. साधनानं वरून प्लग काढून त्या भोकात एक लांब काडी सोडली. पिस्टन वर आला की काडी वर येई. खाली वाकून चाक फिरवायला आणि दाते मोजायला नागोराव.

"बाबा, रिकामी जागा सेन्सरपुढून गेली का मोजणं सुरू करजा. मी बस म्हटलं का थांबायचं. अन् नीट मोजजा. एक दात चुकला तर ठिणगी दहा अंशानं चुकते."

"मले मोजणं शिकवून राह्यली का?" नागोराव हसले.

त्यांनी धोतर आवरलं, गाडीपुढं उकिडवे बसले, पान्याला हात घातला. शेजारच्या मंडपात कोणाच्या तरी हळदीची गाणी लागली होती. ते ओठातल्या ओठात मोजत होते. काडी वर आली, क्षणभर थांबली.

"बस!"

"आठ," नागोरावांनी पुकारलं. काट्यावरून आकडा पुकारायचे तसा.

साधनानं आठ भरला. आणि ही एकच गोष्ट अशी होती, जी तिनं पुन्हा तपासून पाहिली नाही.

गुरुवारी सकाळी तिनं किल्ली फिरवली. इंजिनानं एक आचका दिला, स्टार्टर कोणी लाथ मारावी तसा उलटा ढकलला गेला आणि हवेच्या नळीतून फटाक्यासारखा आवाज आला. कडुलिंबावरचे कावळे उडाले. कुंपणापलीकडं बघायला आलेल्या चारजणांपैकी कोणीतरी म्हणालं, "झटकेवालीलेच झटका बसला बाप्पा!"

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा इंजिन तीन-चार फेरे चाललं, आतून खडखड खडखड झालं, जसे कोणी डब्यात खडे हलवतंय, आणि बंद पडलं.

देवीलाल त्या दिवशी हसला नाही. ते तिला जास्त लागलं. त्यानं नुसतं म्हटलं, "ताई, आता सोडा. उलटं फिरून स्टार्टरचे दाते तुटले म्हणजे भंगारवाला बी नाक मुरडन."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिनं पाटीवरचा सोल्डरचा प्रत्येक टाका भिंगाखाली बघितला. दोन टाके कच्चे वाटले, ते परत केले. पेट्रोल कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. वायरी उलट झाल्या का, तेही बघितलं. नेमसिंग या जुन्या गिऱ्हाइकाचा तांड्यावरून तिसऱ्यांदा फोन आला. त्याच्या उन्हाळी भुईमुगात डुकरं शिरत होती, मशीनचा दिवा लागत होता पण तारेत काही नव्हतं.

"ताई, नसन जमत तर साफ सांग. मी नांदेडवाल्याले बोलावतो."

"रविवारी येतो मी," साधना म्हणाली.

"गाडी झाली का?"

"रविवारी येतो म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. कशावर येणार होती ती? पण दिलेला शब्द तिनं परत घेतला नाही.

रविवारी सकाळी ती वही घेऊन ओट्यावर बसली. काय काय तपासलं त्याची यादी होती. एकेका ओळीसमोर खूण. सगळ्या ओळींसमोर खूण होती, एक सोडून. ती ओळ तिला गुरुवारपासून दिसत होती. तिच्यावरून नजर सरकवायला ती चांगली शिकली होती.

नागोराव चहा पीत होते.

"बाबा, दाते एकदा परत मोजू."

कप तोंडाशी थांबला. "काहून?"

"बाकी सारं झालं. तेवढंच राह्यलं."

"म्हणजे माही मोजणी चुकली म्हणते."

"चुकली म्हणत नाही. तपासायची राह्यली म्हणते."

"छत्तीस वर्सं," नागोराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मोठमोठे व्यापारी म्हणत, नागोरावनं मोजलं असंन तर पोत्याले हात लावू नका. अन् आता घरातली पोरगी म्हणते, फिरून मोजा. सही करून टाकतो आजच. नेऊ दे गाडी."

साधना उठली. कुबडी न घेता, भिंतीला धरून, त्यांच्यासमोर आली.

"सही करायची तर करा. पण आधी आइका. गेले पंधरा दिवस अख्खा गाव म्हणून राह्यला, हे तुह्या हातचं काम नोहे. मी कोणावर रागावली का? मी हरेक टाका उघडून दाखवला, हा पाहा, अन् हा पाहा. मंग तुमचा आकडा तेवढा झाकून ठेवू? तुम्ही माहे बाप हाये म्हणून?"

नागोरावांनी कप खाली ठेवला. मग उठले, धोतर आवरलं आणि तिच्याकडे न बघता गाडीपुढं जाऊन उकिडवे बसले.

"घे," ते म्हणाले. "आइक आता. साऱ्या गल्लीले आइकू जाऊ दे."

तिनं काडी सोडली. त्यांनी पान्यानं चाक आणून रिकाम्या जागेशी थांबवलं आणि बाजार समितीच्या यार्डातल्या आवाजात, मान उंच करून, सुरुवात केली.

"लाभ!… एक!… दोन!… तीन!…"

"बाबा, थांबा."

"आली का काडी वर?"

"नाही. तुम्ही काय म्हटलं आता?"

"तीन म्हटलं."

"त्याच्या आधी. पयल्यापासून सांगा."

"लाभ. एक. दोन. तीन."

"यार्डात पोते मोजता तवा?"

"लाभ, दोन, तीन…" नागोराव म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मोजताना पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे गावातल्या कुठल्याही मापाऱ्याला सांगावं लागत नाही. यार्डात पहिलं पोतं लाभ आणि पुढचं दोन. लाभ हाच एक. पण नागोराव यार्डात लागायच्या आधी, सहा-सात वर्षांचे असताना, त्यांचा बाप एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजायचा. त्या खळ्यावर पहिलं माप लाभाचं म्हणून बाजूला पडे. ते मोजणाऱ्याच्या फडक्यात जाई आणि हिशेब त्याच्या पुढच्या मापापासून, एकपासून सुरू होई. लहानगा नागो बापाशेजारी उकिडवा बसून त्या पहिल्या मापाची वाट बघे. घरी त्या रात्री भाकरी होणार की नाही, ते त्याच्यावर असे.

हे सगळं त्यांनी तिला तिथंच, पाना हातात धरून सांगितलं. मग म्हणाले, "यार्डात मी उभा राहून मोजलं ना वं. जन्मभर उभा राहून. हे असं उकिडवं बसलो, अन् हातानं बापाचं मोजणं काढलं."

"म्हणजे आपला पयला दात फडक्यात गेला."

"फडक्यात गेला," नागोराव म्हणाले. त्यांना हसावं की रडावं ते ठरवता येईना. "सत्तरीत येऊन पोरीची गाडी मोडत होतो मी. लाभापायी."

"मोडली नाही अजून. फिरवा पुढं."

त्यांनी पुन्हा रिकाम्या जागेपासून सुरुवात केली. यावेळी दर दाताला ते थांबून तिच्याकडे बघत होते, जणू प्रत्येक आकड्यावर तिची सही हवी होती. "लाभ… दोन… तीन… चार…" काडी वर आली तेव्हा ते नऊवर होते. खात्रीसाठी त्यांनी परत मोजलं. नऊ. तिसऱ्यांदा मोजायला निघाले तेव्हा तिनंच थांबवलं.

ती लॅपटॉप काखेत घेऊन सीटवर चढतच होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळला. पाठीवर सपाट फळी असलेला, गाड्या उचलून न्यायचा. त्याच्या मागं भाड्याच्या कारमधून संघदीप उतरला. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे लाल, हातात कागदांचं पाकीट.

"ताई, आता पुरे हं," तो आल्या आल्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती. "मी तुझ्या चांगल्यासाठीच करतोय. बाबा, इथं सही करा. बाकीचं मी बघतो."

"तू नेहमीच माह्यासाठी करतो," साधना म्हणाली. "एकदा मले इचारून कर."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मंग तुले उत्तर ठाऊक होतं."

ट्रकवाल्यानं तोवर साखळी काढून व्हॅनच्या पुढच्या हुकात अडकवली होती. त्याला बहीण-भावाच्या भांडणाशी घेणंदेणं नव्हतं. कुंपणापाशी माणसं जमली. देवीलालही आला. त्याला वाटलं होतं, की गाडी चढवायला हात लागेल.

संघदीपनं पेन पुढं केलं. नागोरावांनी ते घेतलं. साधनाचा हात किल्लीवर थांबला. तिनं वडिलांकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यात कुठल्याही मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, आणि मुलगा मोठा होऊन पुण्याला गेल्यापासून तोही त्या मोठ्या माणसांतच जमा झाला होता.

नागोरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"सही नाही करत मी."

"बाबा, फोनवर तर तुम्ही…"

"फोनवर बघू म्हटलं होतं. आता बघितलं." मग ते कुंपणाकडे वळले आणि पोती पुकारायच्या आवाजात म्हणाले, "आइका रे, साऱ्यांनी आइका. गाडी चालत नव्हती त्याच्यात साधनाची चूक नव्हती. दाते मी मोजले होते. माही मोजणी चुकली. नागोराव मापाऱ्याची. कोणाले हसायचं असंन तर मले हसा."

कोणी हसलं नाही. देवीलाल म्हणाला, "किती दातानं?"

"एका."

"एका?" देवीलाल एकदम पुढं आला. "म्हणजे ठिणगी आधी पडून राह्यली होती! म्हणून उलटं मारत होतं! अरे, मग…" त्यानं ट्रकवाल्याला बाजूला सारलं. "काढ ती साखळी. आधी काढ."

"थांबा भाऊ, मले सांगितलं…"

"राहू दे साखळी," साधना म्हणाली. "चालू झाली नाही तर ओढाले बरं."

तिनं आठच्या जागी नऊ केलं. किल्ली फिरवली.

इंजिन एकदा, दोनदा, तीनदा फिरलं आणि कुठलाही आचका न देता लागलं. मागून काळा धूर निघाला, इतका की कुंपणापाशी उभी माणसं तोंडाला रुमाल लावून मागं सरली. आवाज वरखाली होत होता, दम लागलेल्या माणसासारखा. पण चालू होतं. साधनानं उजव्या हाताचा दांडा हळूच मागं ओढला, रेस वाढली. सोडला, कमी झाली. तिनं दोन घरांतलं पेट्रोल कमी केलं. धूर काळ्याचा करडा झाला.

ट्रकवाल्यानं संघदीपकडे बघितलं. "चालती गाडी कशी उचलू बाप्पा? काढतो साखळी."

"चालू झाली म्हणजे रस्त्यावर चालते असं नाही," संघदीप म्हणाला. हे तो चिडून म्हणाला नाही. त्याला खरंच भीती वाटत होती. लहानपणी शाळेच्या पायऱ्यांवरून ताई पडली तेव्हा तो मागं उभा होता आणि तेव्हापासून तो तिच्या मागंच उभा असल्यासारखा जगत होता. "वाटेत बंद पडली तर? एकटी असशील तेव्हा?"

"मंग बस मागं," साधना म्हणाली. "नेमसिंगच्या तांड्यावर जायचं हाये. डुकरं वाट पाह्यत नाहीत. बाबा, तुम्ही पुढं बसा, हे मांडीवर धरा. मी म्हणन ते घर वाचून दाखवजा."

"मी?" नागोराव म्हणाले. "अन् चुकलं म्हणजे?"

"मंग परत वाचजा."

देवीलालनं जाता जाता खिडकीत डोकं घातलं. "ताई, पीयूसीले आधी माह्याकडं आणजा. एवढ्या धुरात पास नाही होणार."

"धूर मी काढतो. तुमच्या चार जुन्या गाड्या पडून हायेत ना ईसीएमपायी? त्या इकून नका टाकू."

"बघू," देवीलाल म्हणाला, आणि मग स्वतःच्याच शब्दाला दचकून, "नाही इकत."

गाडी गल्लीतून निघाली. पहिला गिअर, दुसरा गिअर. मागच्या सीटवर संघदीप पेट्यांमध्ये गुडघे आखडून बसला होता. नागोराव लॅपटॉप दोन्ही हातांनी असा धरून बसले होते, की जणू त्याच्यातून काही सांडेल. बसस्टँडजवळ दुकानाच्या ओट्यांवरची माणसं माना वळवून बघत होती. काही जणांनी हात केला. साधनानं मान हलवली.

चौकात, अगदी मधोमध, वळण घेण्यासाठी तिनं दांडा पुढं ढकलून वेग कमी केला, आणि इंजिन बंद पडलं.

डोक्यावर दुपार होती. डांबर तापून मऊ झालं होतं. समोरून एसटी थांबली, व्हॅनच्या मागं कापसाच्या सरकीचा ट्रक, त्याच्या मागं दोन ऑटो. चहाच्या टपरीवरून कोणीतरी शीळ घातली. "गेली!" कोणीतरी म्हणालं.

"ताई, उतरून धक्का मारू का?" संघदीपनं मागून विचारलं. तो दाराच्या कडीला हात घालूनच बसला होता.

"नको. बसून राह्य."

"अगं, सगळे बघतायत."

"पाहू दे." तिनं किल्ली बंद केली, परत अर्धी फिरवली. "बाबा, हवा किती गरम म्हणून राह्यला तो? वरच्या कोपऱ्यात पाहा."

नागोरावांनी चष्मा सारखा केला. सरकीच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. ते दचकले नाहीत. "अडुसष्ट," ते म्हणाले. मग पुन्हा बोट ठेवून, "अडुसष्ट. दोनदा पाह्यलं."

"बाहेर शेचाळीस हाये. इंजिनाजवळ तापून त्याले वाटून राह्यलं का हवा इतकी गरम हाये. म्हणून पेट्रोल तोडते. ज्यानं हा हिशेब बनवला तो महागावात कवा आला असंन?" ती वाकली, वडिलांच्या मांडीवरचा पडदा स्वतःकडे वळवला आणि बोटानं एकेक घर पुढं सरकू लागली. "हे घर. हे वाढवतो. अन् त्याच्या बाजूचं."

हॉर्न आता दोन झाले होते. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत काहीतरी म्हणत होता. संघदीपचा हात कडीवरून निघाला. तो मागच्या काचेकडे वळला आणि ट्रकवाल्याला हातानंच सांगू लागला, थांब, थांब.

साधनानं काच खाली केली. उजवा हात कोपरापर्यंत उन्हात बाहेर काढला आणि मागच्या सगळ्यांना खूण केली, बाजूनं जा. मग हात आत घेतला, आकडा एकदा वाचून पाहिला आणि घाई न करता पुढच्या घरात भरायला लागली.